हृदयाच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीत आत्ता दाब येत असेल, दरदरून घाम फुटला असेल किंवा दम लागून वाक्य पुरं करता येत नसेल, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन लावा. बाकी सगळं तपासणी आणि डॉक्टरांची भेट यांच्या मधल्या दिवसांबद्दल आहे. ते दिवस दोन असले तरी पंधरा वाटतात.

रिपोर्टला नक्की किती वेळ लागतो?

तपासणी कोणती, यावर आहे. ईसीजी दोन मिनिटांत छापून येतो. इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र बघायची तपासणी, करायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि टाईप होऊन सही पडायला आणखी तासभर, म्हणजे बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी कागद मिळतो. टीएमटीचंही, म्हणजे पट्ट्यावर चालवून घेतलेल्या ईसीजीचंही, तसंच. सीटी अँजिओचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी येतो. कार्डियाक एमआरआयला दोन-चार दिवस लागू शकतात. कॅथलॅबमधल्या अँजिओग्राफीचा, म्हणजे नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघण्याचा, निकाल टेबलावरच कळतो, तिथला ताण वेगळा. त्याबद्दल पुढे आहे.

सगळ्यात जास्त फोन होल्टरसाठी येतात. यंत्र २४ किंवा ४८ तास अंगावर असतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर एका दिवसात लाखभर ठोके नोंदले जातात. संगणक त्यांची छाननी करतो, पण हात हलल्यामुळे उठलेली रेघ आणि खरोखरचा चुकीचा ठोका यांतला फरक माणसालाच बघावा लागतो. म्हणून एक ते तीन दिवस धरून चाला. उशीर झाला याचा अर्थ काही सापडलं असा होत नाही. बहुतेक वेळा वाचणारे डॉक्टर आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतात, इतकंच.

पुण्यात तपासणीचा वार निवडणं फार महत्त्वाचं. शनिवारी दुपारी यंत्र परत दिलं की मंगळवारपर्यंत जीव टांगणीला लागणार हे ठरलेलंच, आणि मधे गणपती किंवा दिवाळी आली तर विचारूच नका. तातडीचं नसेल तर तपासणी सोमवारी-मंगळवारी घ्या आणि डॉक्टरांची वेळ त्याच आठवड्यातली, तपासणीच्या आधीच घेऊन ठेवा. रिपोर्ट आल्यावर नंबर लावायला गेलात तर कळतं की सर दहा दिवस बाहेरगावी आहेत.

काउंटरवरून निघताना काय विचारायचं?

रिपोर्ट कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत? कसा येणार: व्हॉट्सॲपवर, ॲपमध्ये की छापील, स्वतः येऊन न्यायचा? आणि ठरल्या वेळी आला नाही तर कोणत्या नंबरवर, कोणाला विचारायचं? तिन्ही उत्तरं पावतीच्या मागे लिहून घ्या. ‘दोन दिवसांत येईल’ हे उत्तर घेऊ नका. दोन दिवस आजपासून की उद्यापासून हेही विचारा.

हे किरकोळ वाटतं, पण घालमेल कमी करायला याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. ‘गुरुवारी सहा वाजता फोन करायचा’ हे पक्कं असलं की बुधवारी दर अर्ध्या तासाने मोबाईल उघडायचं कारण उरत नाही. पावतीवरचा नोंदणी क्रमांकही मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. फोनवर पहिला प्रश्न तोच असतो.

इको करताना डॉक्टर एकाच जागी प्रोब दाबून बराच वेळ बघत होते, काही बोललेही नाहीत. काहीतरी गंभीर आहे का?

त्यावरून काहीच कळत नाही. हृदय बरगड्यांच्या मागे आणि फुप्फुसांच्या आड असतं, आणि हाड व हवा दोन्हींतून ध्वनिलहरी नीट जात नाहीत. म्हणून छातीवरच्या ठरावीक फटींतूनच बघावं लागतं: उरोस्थीच्या डाव्या बाजूला, डाव्या स्तनाखाली टोकाशी, पोटाच्या वरच्या भागात आणि गळ्याच्या खळग्यात. छाती रुंद असेल, वजन जास्त असेल किंवा फुप्फुसं फुगलेली असतील तर चित्र पुसट येतं, मग डावीकडे वळा, श्वास सोडून धरा, असं चालतं. मापं घेताना पडद्यावर बिंदू ठेवावे लागतात, तेव्हा कोणी गप्पा मारत नाही.

मधेच ‘घुश्श-घुश्श’ आवाज येतो, तोही भीतीचा नाही. तो डॉप्लरचा, म्हणजे वाहत्या रक्ताचा. ठणठणीत माणसाच्या इकोतही तसाच येतो. पडद्यावर लाल आणि निळा रंग दिसतो, त्यातही लाल म्हणजे वाईट असं काही नसतं. प्रोबच्या दिशेने येणारं रक्त लाल, दूर जाणारं निळं. टेक्निशियनचा चेहरा वाचून निदान करणारे लोक आपल्याकडे खूप आहेत. त्यांचा अंदाज बरोबर यावा असं काही त्या चेहऱ्यावर नसतं.

‘काही असतं तर फोन आला असता’ असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

अर्धं. तपासणीत तातडीचं काही दिसलं तर तुम्हाला सहसा घरी सोडत नाहीत किंवा पाठवणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन जातो. ईसीजी पाहून कोणी ‘थांबा जरा’ म्हणालं नाही, हा तेवढ्यापुरता दिलासा आहे. पण तातडीचं नसलेलं आणि तरीही उपचार लागणारं बरंच काही रिपोर्टात असू शकतं, आणि त्यासाठी कोणी फोन करत नाही. रिपोर्ट चुकीच्या नंबरवर जातो, मेल स्पॅममध्ये पडतो. ठरलेला दिवस उलटला की तुम्हीच विचारा. फोन आला नाही म्हणून भेट रद्द करू नका.

रिपोर्ट मोबाईलवर आला, डॉक्टर चार दिवसांनी भेटणार. उघडून बघू का?

बघू नका म्हटलं तरी बघणार, म्हणून बघण्याची रीत सांगतो. रात्री दहानंतर उघडू नका. त्या वेळी विचारायला कोणी नसतं. घरातलं एक शांत माणूस सोबत घ्या. आधी नाव, वय आणि तारीख जुळते का पाहा. मग थेट शेवटच्या चार ओळी, म्हणजे ‘इम्प्रेशन’ किंवा ‘कन्क्लूजन’, वाचा. वरच्या तक्त्यातले ठळक आकडे आणि बाण वाचत सुटू नका.

लोक हमखास घाबरतात असे काही शब्द:

ईएफ ६० टक्के. याने जितकी झोप उडवली आहे तितकी खऱ्या आजाराने उडवली नसेल. ‘हार्ट साठ टक्केच चालतंय’ असा याचा अर्थ नाही. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती भाग एका ठोक्यात बाहेर फेकला जातो, त्याची ही टक्केवारी. निरोगी हृदयही शंभर टक्के रक्त कधीच फेकत नाही. साधारण ५५ ते ७० हे नॉर्मल. गेल्या वर्षी ६५ होती, आता ६० आली, तर एवढा फरक दोन वेगळ्या डॉक्टरांनी एकाच दिवशी मोजली तरी पडतो.

ट्रिव्हियल एमआर, ट्रिव्हियल टीआर. झडप मिटताना रक्ताचा बारीकसा झोत मागे येतो. असंख्य निरोगी लोकांत दिसतो. ‘माईल्ड’ असेल तरी बहुधा फक्त ठरावीक काळाने पुन्हा बघायचं असतं. ‘सिव्हिअर’ असेल तर चार दिवस न थांबता दवाखान्यात फोन करून कळवा.

ग्रेड वन डायास्टॉलिक डिसफंक्शन. वयानुसार हृदयाचा स्नायू थोडा ताठर होतो, तो सैल पडायला वेळ लागतो. साठीच्या आसपासच्या लोकांत, विशेषतः रक्तदाब असलेल्यांत, इतकं सर्रास दिसतं की डॉक्टर पुष्कळदा त्याचा उल्लेखही करत नाहीत. त्यांनी उल्लेख केला नाही म्हणून लपवलं असं नसतं.

नॉन-स्पेसिफिक एसटी-टी चेंजेस. रेघेत थोडासा बदल, पण कशामुळे ते त्यावरून सांगता येत नाही. ईसीजीच्या माथ्यावर यंत्राने आपोआप छापलेली ओळ. यंत्र चुकू नये म्हणून जास्तच सावध असतं. तिथेच ‘बॉर्डरलाईन ईसीजी’, ‘अनकन्फर्म्ड’ असंही असतं. डॉक्टरांनी पेनाने काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

व्हीपीसी किंवा एपीसी. मधेच आलेला जादा ठोका. त्यानंतरची किंचित थांबणूक आपल्याला ‘ठोका चुकला’ अशी जाणवते. होल्टरमध्ये २४ तासांत थोडे सापडणं नेहमीचं आहे.

आरडब्ल्यूएमए. हा मात्र दुर्लक्ष करायचा शब्द नाही. हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग कमी हलतो असा अर्थ. जुन्या किंवा नव्या अटॅकची खूण असू शकते. ‘नो आरडब्ल्यूएमए’ लिहिलं असेल तर उत्तम. नुसतंच आरडब्ल्यूएमए असेल आणि ते आधीपासून माहीत नसेल, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

टीएमटी ‘पॉझिटिव्ह’ आली. चांगलं की वाईट?

नेहमीच्या बोलण्यातलं पॉझिटिव्ह नव्हे. पॉझिटिव्ह म्हणजे पट्ट्यावर चालताना ईसीजीत असा बदल दिसला, जो हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्यावर दिसतो. निगेटिव्ह म्हणजे तसा बदल दिसला नाही. ‘निगेटिव्ह’ वाचून घाबरलेले आणि ‘पॉझिटिव्ह’ वाचून पेढे वाटायला निघालेले, दोन्ही प्रकार होतात.

पॉझिटिव्ह टीएमटी म्हणजे ब्लॉकेज ठरलं असंही नाही. स्त्रियांमध्ये आणि ज्यांचा बसल्या जागचा ईसीजी आधीच थोडा वेगळा आहे त्यांच्यात खोटं पॉझिटिव्ह बऱ्याचदा येतं. म्हणूनच पुढची पायरी म्हणून सीटी अँजिओ, थॅलियम (हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोचतं ते दाखवणारं स्कॅन) किंवा अँजिओग्राफी सांगतात. ‘इनकन्क्लूसिव्ह’ आली तर बहुतेक वेळा अपेक्षित वेग गाठला गेला नाही एवढंच असतं. २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के इतके ठोके व्हावे लागतात. ५० वर्षांच्या माणसाला सुमारे १४५. ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्टा वेगही वाढवतो आणि चढही. गुडघे दुखले आणि थांबलात, तर निकाल गुडघ्यांचा लागतो, हृदयाचा नाही.

धडधडतंय, छाती आवळल्यासारखी वाटतेय. हे भीतीचं की हृदयाचं?

भीतीने हे सगळं खरोखर होतं, मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नये. अॅड्रेनलिन वाढतं, ठोके वाढतात, श्वास उथळ आणि भरभर होतो. जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे ओठ-बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, डोकं हलकं होतं. ते जाणवलं की माणूस आणखी घाबरतो आणि चक्र सुरू राहतं. असा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरू लागतो.

एका बोटाने दाखवता येणारी, टोचल्यासारखी, दाबल्यावर किंवा खोल श्वास घेतल्यावर वाढणारी कळ हृदयाची असण्याची शक्यता कमी. जिना चढताना येणारा, थांबल्यावर काही मिनिटांत जाणारा, मुठीने दाखवावा लागणारा दाब हा हृदयाचा असू शकतो. पण ही घरी बसून परीक्षा घेण्यासाठी नाही. छातीतला दाब किंवा जडपणा थांबून बसल्यावर ५ मिनिटांत ओसरत नसेल, किंवा तो जबड्यात, डाव्या हातात, पाठीत जात असेल, किंवा सोबत घाम, मळमळ, दम किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर रिपोर्टची वाट पाहणं तिथेच संपलं. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखता नुसता दम, थकवा किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं असंही होतं.

पुण्यात आणि एकूण महाराष्ट्रात यातला सगळ्यात घातक शब्द म्हणजे ‘गॅस’. रात्री मिसळ खाल्ली, पित्त झालं, ईनो घेतो, सकाळी बघू. ईनो घेऊन ढेकर आली आणि बरं वाटलं, यावरून हृदय ठीक आहे असं ठरत नाही.

तशी वेळ आलीच तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवता येईल का?

ठेवाच, आणि एकदा ठरवलं की त्याचा विचार बंद करा. घरापासून जवळचं, अँजिओप्लास्टीची (बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडण्याची) सोय २४ तास असलेलं हॉस्पिटल कोणतं ते शोधा. नुसतं मोठं हॉस्पिटल पुरत नाही. कॅथलॅब रात्री चालू असते का हे फोन करून विचारा. मोठ्या अटॅकमध्ये दाखल झाल्यापासून ९० मिनिटांत रक्तवाहिनी उघडावी असं उद्दिष्ट असतं, त्यामुळे आधी चुकीच्या ठिकाणी जाऊन मग दुसरीकडे नेण्यात जो वेळ जातो तो महागात पडतो.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, स्कूटरवर मागे बसूनही नाही. ॲस्पिरिन चघळायची का, सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवायची का, हे तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या. रक्तदाब कमी असताना सॉर्बिट्रेट घेतली तर माणूस कोसळू शकतो, आणि लैंगिक शक्तीच्या गोळ्या घेतल्या असतील तर ती अजिबात चालत नाही. शेजाऱ्यांच्या डबीतली गोळी म्हणून नको. फाईल, औषधांची यादी, आधार आणि मेडिक्लेमचं कार्ड एका पिशवीत दाराजवळ.

रात्री झोप लागत नाही.

आडवं पडल्यावर, विशेषतः डाव्या कुशीवर, ठोके कानात ऐकू येतात. उजव्या कुशीवर वळून बघा. श्वासाची एक सोपी रीत: नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच ते दहा मिनिटं करा. श्वास रोखून धरू नका आणि कपालभाती-भस्त्रिका यांना या दिवसांत सुट्टी द्या, त्यात श्वास मुद्दाम जोरात चालतो. चक्कर आली तर तुम्ही फार खोल श्वास घेताय, नेहमीइतकाच पण सावकाश घ्या.

विचारांसाठी संध्याकाळी २० मिनिटं राखून ठेवा, पण झोपण्याआधी नको. वही घ्या, जे जे वाटतं ते लिहा, आणि प्रत्येकापुढे ‘विचारायचं’, ‘करायचं’ किंवा ‘हातात नाही’ असं लिहा. रात्री तोच विचार परत आला तर तो वहीत आहे, उद्या साडेसहाला बघू. पहिल्या दिवशी हे हास्यास्पद वाटतं, तिसऱ्या दिवशी जमायला लागतं. वीस-पंचवीस मिनिटं होऊनही झोप नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसा. अंथरुणात तळमळत मोबाईल बघू नका. झोपेची गोळी मनाने नको, आणि ‘थोडीशी घेतली की झोप येते’ हा उपायही नको, दारूने रात्री उशिरा ठोके अनियमित होऊ शकतात.

भीती आवरेनाशी झाली, काही खावंसं वाटत नाही, जगणंच नको वाटतंय, तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, घड्याळ यांवर लक्ष ठेवू का?

बीपी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. चहानंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. वहीत लिहा. एवढंच. घाबरून मोजलं तर जास्त येतं, जास्त आलं म्हणून पुन्हा मोजलं तर आणखी जास्त येतं. पाच वेळा मोजून आपणच ते वाढवत नेतो.

ऑक्सिमीटर छातीच्या धडधडीबद्दल फार काही सांगत नाही. बोट गार असेल, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा चुकतो. घड्याळातला ईसीजी एका लीडचा असतो. एट्रियल फिब्रिलेशनसारखी अनियमितता तो पकडू शकतो, हार्ट अटॅक नाही. घड्याळाने ‘ठीक’ म्हटलं म्हणून छातीतल्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नका. आणि ते दर दहा मिनिटांनी बघावंसं वाटत असेल तर दोन दिवस कपाटात ठेवा.

चहा, उपवास, फिरणं?

तपासण्या संपल्या असतील तर दोन कप चहाला हरकत नाही. पण दिवसभरात सहा अमृततुल्य झाले असतील तर धडधड कुठून येते हे वेगळं सांगायला नको. थॅलियम व्हायची असेल तर त्याआधी २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट सगळं बंद असतं; चुकून अर्धा कप घेतला तर लपवू नका, नाहीतर तपासणी वाया जाते. (नाव थॅलियम, पण आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम वापरतात.)

रिपोर्ट चांगला यावा म्हणून कडक उपवास धरणारे असतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना निर्जळी धरली तर साखर खाली जाते, आणि तेव्हाचा घाम-धडधड हुबेहूब हृदयासारखी वाटते. संकष्टी सोडायची नाही असं वाटत असेल तर निदान डॉक्टरांना विचारून धरा.

सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्या वेगाने २० ते ३० मिनिटं चालणं डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर चांगलं: सारसबाग, कमला नेहरू पार्क, सोसायटीचं आवार. ‘बघू या जमतंय का’ म्हणून पर्वतीच्या पायऱ्या चढणं किंवा रविवारी सिंहगड गाठणं मात्र नको. ती टीएमटीच झाली, फक्त ईसीजी आणि डॉक्टर नसलेली.

चालू औषधं थांबवायची का? नवी सुरू करायची का?

दोन्ही नाही. टीएमटीपूर्वी बीटा-ब्लॉकर (ठोके संथ करणारी गोळी) थांबवायला सांगतात ते काही तपासण्यांपुरतंच, आणि तपासणी झाली की ती परत केव्हा सुरू करायची हे विचारून घ्यायचं राहून जातं. ही गोळी एकदम बंद केली तर ठोके आणि रक्तदाब उसळतात. सीटी अँजिओसाठी शिरेतून डाय दिल्यानंतर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी केव्हा घ्यायची, हेही तसंच विचारायचं. अर्जुनारिष्ट, लसणाच्या कॅप्सूल, काढे घेत असाल तर त्यांची नावं यादीत घाला.

घरच्यांना किती सांगायचं?

जे झालं आहे तेवढं: ‘इको झाली, गुरुवारी रिपोर्ट, शुक्रवारी डॉक्टर.’ अंदाज सांगू नका. नातेवाइकांशी बोलायला घरातलं एकच माणूस नेमा. कुटुंबाच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकू नका. टाकलात तर अर्ध्या तासात सात मतं येतील आणि त्यातलं एक ‘आमच्या शेजारच्या काकांचं अस्संच झालं होतं’ असेल. मुलं अमेरिकेत असतील तर त्यांच्या सकाळी तुमची रात्र असते, आणि सगळी चिंता नेमकी झोपायच्या वेळी फोनवर येते. त्यांना तुमच्या सकाळची वेळ ठरवून द्या.

वडिलांपासून लपवायचं का, हा प्रश्न खूप विचारला जातो. तपासणी त्यांची असेल तर त्यांना विचारा: ‘बाबा, रिपोर्टबद्दल तुम्हाला सगळं ऐकायचंय की आम्ही बघून सांगू?’ काही जण खरंच दुसरं निवडतात. पण न विचारता कुजबुजत फिरलं तर ते जे कल्पतात ते रिपोर्टपेक्षा वाईट असतं.

अँजिओग्राफी करताना ‘ब्लॉक आहे, आत्ताच स्टेंट टाकू का?’ असं विचारलं तर?

स्टेंट म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. हा प्रश्न कॅथलॅबच्या दारात, हिरवा गाऊन घातलेल्या डॉक्टरांकडून येतो आणि उत्तराला पाच मिनिटं असतात. म्हणून तो आदल्या दिवशीच बोलून घ्या. अटॅक चालू असेल तर विचार करत बसायचं नाही, तिथे वेळच औषध आहे. पण त्रास स्थिर असेल, फक्त चालताना येत असेल, तर थांबायला जागा असते. २०१९ साली जाहीर झालेल्या इस्केमिया या पाच हजारांवर रुग्णांच्या चाचणीत स्थिर रुग्णांमध्ये लगेच स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू वा अटॅक एकूण कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र जास्त लोकांचं कमी झालं. डाव्या मुख्य वाहिनीतला अडथळा किंवा खूप कमी ईएफ असेल तर ही गोष्ट लागू नाही. तुम्ही कोणत्या गटात आहात, हे डॉक्टरांना विचारा. दुसरं मत हवं असेल तर अँजिओची सीडी मागा. नुसत्या टाईप केलेल्या कागदावर दुसरे डॉक्टर नीट मत देऊ शकत नाहीत.

खर्चाचीच भीती जास्त आहे.

मग ती वाट पाहण्याच्या दिवसांतच निस्तरा. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून खोलीभाड्याची मर्यादा, प्रतीक्षा कालावधी आणि कॅशलेस हॉस्पिटलांची यादी बघा. दाखल होण्याआधीच्या तपासण्यांची बिलं अनेक पॉलिसींत ३० ते ६० दिवस मागपर्यंत मिळतात, म्हणून इकोची पावती फेकू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास येतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, टेबल असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा. पुणे महापालिका हद्दीत शहरी गरीब योजनाही आहे. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी समाजसेवा विभागात अर्ज असतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळायला दिवस लागतात, त्यासाठी आजच अर्ज करा.

डॉक्टरांच्या भेटीत डोकं रिकामं होतं. काय विचारू?

चार प्रश्न कागदावर, सर्वांत महत्त्वाचा पहिला, कारण चौथ्यापर्यंत पोचालच असं नाही. या रिपोर्टमुळे माझ्या उपचारात काय बदलणार? काय झालं तर लगेच यायचं? पुढची तपासणी कोणती आणि ती आता नाही केली तर काय बिघडेल? जिना, प्रवास, नोकरी, शरीरसंबंध यांतलं काय चालेल? शेवटचं विचारायला लोक लाजतात आणि मग महिनोन् महिने घाबरून राहतात. सोबत जाणाऱ्याने लिहून घ्यायचं, बोलायचं नाही. जुने ईसीजी बरोबर न्या. आजच्या ईसीजीतला बदल नवा की जुना हे ठरवायला पाच वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला कागद सोन्यासारखा असतो. थर्मल कागदावरची छपाई उडते, म्हणून आजच झेरॉक्स काढा किंवा मोबाईलवर स्कॅन करा.

रिपोर्ट नॉर्मल आला, तरी धाकधूक जात नाही.

दोन-तीन आठवडे तसं वाटणं नेहमीचं आहे. शरीर सावध राहायची सवय लगेच सोडत नाही. डॉक्टरांना एवढं स्पष्ट विचारा: ‘मग मला जे होत होतं ते कशाने?’ थायरॉईड, रक्त कमी असणं, आम्लपित्त, बरगड्यांच्या सांध्याची सूज आणि चिंता ही नेहमीची कारणं, आणि पहिल्या दोन्हींच्या तपासण्या साध्या रक्तातून होतात. महिन्यानंतरही रोज नाडी मोजली जात असेल, एकटं बाहेर पडायची भीती वाटत असेल, किंवा ‘चुकलं असेल’ म्हणून तिसऱ्या लॅबमध्ये तीच इको करायची इच्छा होत असेल, तर आता हृदयरोगतज्ज्ञांऐवजी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना नॉर्मल रिपोर्टची फाईल बरोबर ठेवा, म्हणजे त्याच तपासण्या परत सांगितल्या जाणार नाहीत.